सेलाविना बिनतारी संदेश

बिनतारी संदेश म्हटला की वीज हवी, आणि तारेची वीज नसेल तर सेल हवा, अशी आपली समजूत असते. पण सेल मुळीच नसलेली यंत्रेही आज संदेश देतात. ती कशी, हे प्रथम पाहू. मग कामगाराशी त्यांचा संबंध काय, तेही सांगू.

मुले आरशाने भिंतीवर कवडसा पाडतात. आरसा प्रकाश निर्माण करीत नाही, सूर्याचाच परतवतो. तरी तो हलवून, झाकून खुणा करता येतात. या यंत्रांचे तसेच आहे. लहरी निर्माण करणे हे खर्चिक काम. ते येथे दुसराच करतो. त्याच्या लहरी यंत्राची एरियल कधी अधिक, कधी कमी परतवते आणि त्या फरकातून संदेश वाचला जातो. लागणारी चिमूटभर वीजही बहुधा त्याच लहरींतून मिळते.

तत्त्व जुने आहे. 1945 साली मॉस्कोत अमेरिकन राजदूताला एक लाकडी राजचिन्ह भेट मिळाले. आत थेरेमिन या रशियन संशोधकाचे सेल नसलेले श्रवणयंत्र होते. बाहेरून लहरी सोडल्या की खोलीतले बोलणे त्यांवर उमटे. ते 1952 साली सापडले. 2013 साली सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टेलिव्हिजनच्या मनोऱ्याच्या लहरींवरच दोन यंत्रे अडीच फुटांवरून एकमेकांशी बोलली. 2017 साली तेथेच अवघ्या साडेतीन मायक्रोवॅटवर चालणारा फोन तयार झाला. आपल्याकडे मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. नाक्यावरील लहरींनी तो जागा होतो आणि आपला क्रमांक परतवतो.

आता कारखान्याच्या फाटकाशी येऊ. हजेरीचे कार्डही बहुधा सेलाविनाच असते, पण ते यंत्राजवळ न्यावे लागते; पुढे करणारा हात आपला असतो. फास्टॅगच्या जातीची चिप काही मीटरांवरून वाचता येते. ती ओळखपत्रात बसवली, तर आपण केव्हा कोठे होतो, हे आपल्याला न कळता टिपले जाईल. सेल नाही, म्हणून काढता येत नाही. कळ नाही, म्हणून बंद करता येत नाही.

आम्ही या विद्येला विरोध करीत नाही. उंच चिमणीवर केवळ सेल बदलण्यासाठी माणूस चढवावा लागू नये, हे कामगाराच्याच हिताचे आहे. मात्र वाचणारी यंत्रे कोठे बसतील, नोंद कोणाकडे राहील आणि ती केव्हा पुसली जाईल, ही तीन कलमे करारात लिहून घेतल्याखेरीज असे ओळखपत्र गळ्यात घालू नये, असे आमचे सांगणे आहे.