हजार बैठका हाडाला पुरत नाहीत

पलूस तालुक्यातलं कुंडल कुस्ती मैदानासाठी ओळखलं जातं. या भागात पोराची तब्येत सांगायची तर मान, छाती, मांडी यांवर बोलणं होतं. हाडांचा विषय निघतो तो एकदम आजी घसरून पडल्यावर.

हाड जिवंत असतं. जुनं पोखरणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशींचं काम जन्मभर चालतं. भार पडला की हाड किंचित वाकतं, आतल्या पेशींना ते जाणवतं आणि जिथं ताण आला तिथंच भर पडते. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं 1892 मध्ये याचं तत्त्व मांडलं. टेनिसपटूच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळंच. पोहणं आणि सायकल यांनी दम वाढतो, हाडाला मात्र फारसं काही मिळत नाही.

मग तालमीतल्या हजार बैठका? दमाला उत्तम. पण हाडाच्या पेशी त्याच त्या भाराला लवकर सरावतात. पुढच्या बैठकांची त्या दखलच घेत नाहीत. जोडीदाराला खांद्यावर घेऊन मारलेल्या मोजक्या बैठका हाडाच्या दृष्टीनं सरस. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक आणलं, तेही कोपर दुखावून. एवढं वजन आपल्याला नकोच. आठवड्यातून दोन-तीन दिवस, जाणत्याच्या नजरेखाली, हळूहळू वाढवत नेलेलं पुरे.

घाई मात्र चालत नाही. हाडाचा एक फेरा पुरा व्हायलाच तीन-चार महिने लागतात. यात्रेआधी दोन महिने जिम लावणाऱ्यांचे दंड फोटोत दिसतील, हाड तिथंच राहील. वर्षभर घाम गाळून घनता वाढते ती साधारण एक-दोन टक्के. ती थोडी वाटेल. पण तिशीच्या आसपास हाडांची भर थांबते आणि नंतर उतारच असतो. पुढं पुरवायची ठेव तिशीआधीच होते.

या ठेवीला सगळ्यात मोठी गळती लागते ती वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहिल्यानं. मुलींत याचा फटका जास्त बसतो: खाणं तुटलं की पाळी थांबते आणि हाड झिजू लागतं. वस्तादांनी आणि आयांनी हे विचारायला लाजू नये. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर सराव वाढवण्याआधी मुलीला डॉक्टरांकडे न्या.