आपला लेखक, त्यांचा लेखक

सप्टेंबर २०२५ मध्ये, ऐन नवरात्रात, म्हैसूरकरांनी दोन दिवसांच्या अंतराने दोन कन्नड साहित्यिकांच्या बातम्या वाचल्या. २२ सप्टेंबरला चामुंडी टेकडीवर बानू मुश्ताक यांच्या हस्ते दसरा महोत्सवाचे उद्घाटन झाले. २४ सप्टेंबरला बंगळुरात एस. एल. भैरप्पा यांचे निधन झाले आणि त्यांचे पार्थिव अंत्यसंस्कारासाठी म्हैसुरात आणले गेले. कुवेंपुनगरातील त्यांचे घर हा कन्नड वाङ्मयविश्वाचा अनेक दशकांचा पत्ता होता. सहा वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, त्याच चामुंडी टेकडीवर दसऱ्याचे उद्घाटन भैरप्पांच्याच हस्ते झाले होते.

हे दोघेही हासन जिल्ह्यातले. दोघांवरही सर्वाधिक टीका झाली ती स्त्रियांच्या प्रश्नावरील त्यांच्या भूमिकांमुळे. मात्र भैरप्पांच्या मागे जे उभे राहिले ते बानू मुश्ताक यांच्या विरोधात गेले आणि भैरप्पांना ज्यांनी धारेवर धरले त्यांनी बानू मुश्ताक यांचा हिरिरीने बचाव केला. लेखनस्वातंत्र्याचा घोष दोन्ही बाजूंनी तेवढ्याच तारस्वरात केला. साहजिकच प्रश्न असा पडतो की, या घोषात स्वातंत्र्य किती आणि गटनिष्ठा किती?

मराठी वाचकाला भैरप्पा परके नाहीत. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’, ‘आवरण’ या कादंबऱ्या महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचल्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आज जो मराठी वाचक भैरप्पांना उजव्या विचारांचे लेखक म्हणून ओळखतो, त्याच्या आधीच्या पिढीने त्यांना कात्यायनीचे लेखक म्हणून ओळखले होते. १९६५ मध्ये आलेल्या ‘वंशवृक्ष’मधील ही तरुण विधवा कर्मठ घराचा उंबरठा ओलांडून पुनर्विवाह करते. ‘गृहभंग’मधील नंजम्मा निष्क्रिय नवरा आणि भांडखोर सासू यांच्यात पिचत, एकटीच्या बळावर मुले वाढवते. तिच्यात भैरप्पांच्या आईची छाया आहे. पुढे २०१७ मध्ये आलेल्या ‘उत्तरकांड’मध्ये त्यांनी रामकथा सीतेच्या दृष्टीने सांगितली.

याच लेखकाची ‘कवलु’ ही कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अपघातात पत्नी गमावलेला आणि त्याच अपघाताने मेंदूला इजा झालेल्या मुलीचा सांभाळ करणारा एक उद्योजक, त्याच्या आयुष्यात आलेली स्त्रीवादी विचारांची दुसरी पत्नी आणि हुंडाछळविरोधी कायद्याचा त्याच्याविरुद्ध झालेला वापर, असे तिचे सूत्र. स्त्रीवादी समीक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी कादंबरीवर झोड उठवली. स्त्रीमुक्तीची चळवळ म्हणजे स्वैराचार आणि सूडबुद्धी, असे ढोबळ चित्र लेखकाने रंगवले, पात्रे माणसे न राहता लेखकाच्या युक्तिवादाची प्यादी झाली, असे त्यांचे म्हणणे होते. तीन वर्षांपूर्वी ‘आवरण’च्या वेळी यू. आर. अनंतमूर्ती यांनीही अशाच स्वरूपाचा आक्षेप घेतला होता: भैरप्पा कादंबरी लिहीत नाहीत, वाद घालतात. उलट बाजूने ‘कवलु’च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि तिच्या समर्थकांनी विक्रीचा आकडा हाच टीकेला निर्णायक जबाब मानला. खरे तर दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. खप हा वाङ्मयीन गुणवत्तेचा दाखला नव्हे आणि टीका हीदेखील मुस्कटदाबी नव्हे.

कादंबरीमागचा सामाजिक प्रश्न मात्र काल्पनिक नव्हता. भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले, ते हुंड्यापायी होणाऱ्या विवाहितांच्या मृत्यूंनी देश हादरल्यानंतर. त्याच्या गैरवापराची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कठोर शब्दांत केली. ‘कवलु’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी न्यायालयाने या कलमाचा फेरविचार करण्याची सूचना सरकारला केली आणि २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सरसकट अटकेला लगाम घातला. दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात पती व नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले आणि हुंडाबळींची संख्या सहा हजारांच्या वर होती. तेव्हा एका कादंबरीने यातील एकच बाजू उचलली, तर दुसरी बाजू तावातावाने मांडली जाणे हे केवळ स्वाभाविक नव्हे, आवश्यकही होते. ‘कवलु’वरील वाद तिखट होता, प्रसंगी व्यक्तिगतही झाला, पण तो मुख्यतः शब्दांनी शब्दांशी केलेला वाद होता. कादंबरी वाचकांपर्यंत पोहोचत राहिली आणि लेखकाचे मानसन्मानही थांबले नाहीत. सरस्वती सन्मान, पद्मश्री आणि २०२३ मध्ये पद्मभूषण असा तो आलेख चढताच राहिला.

२०१९ च्या दसऱ्याने या वादाला राजकीय व्यासपीठ मिळवून दिले. राज्यात तेव्हा येडियुरप्पा यांच्या नेतृत्वाखाली भाजपचे सरकार होते. सरकारी महोत्सवाच्या उद्घाटनपर भाषणात भैरप्पांनी शबरीमला मंदिरात सर्व वयोगटांतील स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या २०१८ च्या निकालाविषयी नापसंती व्यक्त केली. समाजमाध्यमांवर त्यांच्याविरुद्ध टीकेचा भडिमार झाला. देवीच्या उत्सवात स्त्रियांच्या प्रवेशालाच हरकत घ्यावी, यातील विसंगती टीकाकारांनी बोचऱ्या शब्दांत दाखवली. भाजप-समर्थकांनी तेव्हा ज्येष्ठ साहित्यिकाच्या मतस्वातंत्र्याचा हवाला दिला, आणि तो योग्यच होता. न्यायालयाच्या निकालाशी असहमती दर्शवणे हा नागरिकाचा हक्क आहे. लेखकाचा तर आहेच.

पुढे सहा वर्षांनी तोच हक्क दुसऱ्या लेखिकेच्या वाट्याला आला तेव्हा चित्र पालटले. ‘हार्ट लँप’ या कथासंग्रहासाठी मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळवणाऱ्या बानू मुश्ताक यांना सिद्धरामय्या सरकारने दसऱ्याच्या उद्घाटनाचे निमंत्रण दिले. त्यानंतर त्यांच्या २०२३ मधील एका भाषणाची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरवण्यात आली. कन्नड भाषेला भुवनेश्वरी देवीचे रूप दिल्याने अल्पसंख्याक त्या भाषेपासून दुरावतात, असा त्यातील सूर होता. देवीवर श्रद्धा नसलेल्या व्यक्तीने चामुंडेश्वरीपुढे दीप का लावावा, असा सवाल भाजपच्या नेत्यांनी केला आणि म्हैसूरचे माजी खासदार प्रताप सिंह उच्च न्यायालयात गेले. कवी के. एस. निसार अहमद यांनी २०१७ मध्ये याच महोत्सवाचे उद्घाटन केले होते, याचा सोयीस्कर विसर पडला. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ सप्टेंबरला याचिका फेटाळल्या. चार दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या उद्देशिकेची आठवण करून देत तोच निर्णय कायम ठेवला.

बानू मुश्ताक यांच्यासाठी मात्र जमावाचा रोष नवा नव्हता. मुस्लिम स्त्रियांना मशिदीत प्रवेश मिळावा, ही भूमिका घेतल्याबद्दल २००० मध्ये त्यांच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकण्यात आला होता. एकाने चाकू घेऊन त्यांच्यावर हल्ल्याचा प्रयत्न केला. पती मध्ये पडले म्हणून त्या बचावल्या. म्हणजे आधी स्वधर्मीयांतील सनातन्यांनी आणि पंचवीस वर्षांनी दुसऱ्या धर्मातील राजकीय कार्यकर्त्यांनी त्यांना ‘तुझी जागा ही नव्हे’ असेच सांगितले. प्रार्थनास्थळातील स्त्रीप्रवेश हाच मुद्दा भैरप्पांच्याही वादात होता. एकाने प्रवेशाच्या निकालाला विरोध केला, दुसरीने प्रवेश मागितला. किंमत मात्र दोघांनी सारखी मोजली नाही.

समाजमाध्यमांवरील ‘विरोध’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. पुस्तकावर कठोर टीका करणे, ते विकत न घेण्याचे आवाहन करणे, लेखकाच्या घरच्यांना धमकावणे, प्रकाशकावर दबाव आणणे आणि शासनाकडे बंदीची मागणी करणे, या पायऱ्या एकाच जिन्याच्या नाहीत. तमिळ कादंबरीकार पेरुमल मुरुगन यांनी निपुत्रिक स्त्रीच्या व्यथेवर लिहिलेल्या ‘मादोरुबागन’वरून तिरुचेंगोडमध्ये आंदोलन झाले. प्रशासनाने लेखकाला संरक्षण देण्याऐवजी समेटाच्या बैठकीला बसवले आणि जानेवारी २०१५ मध्ये मुरुगन यांनी आपल्यातील लेखक मेल्याचे फेसबुकवर जाहीर केले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना पुन्हा लिहिते केले. केरळात एस. हरीश यांच्या ‘मीशा’ या क्रमशः कादंबरीतील दोन पात्रांच्या संवादात मंदिरात जाणाऱ्या स्त्रियांविषयी शेरेबाजी होती. २०१८ मध्ये लेखकाच्या कुटुंबालाच समाजमाध्यमांवरून लक्ष्य केले गेले आणि त्यांनी साप्ताहिकातील प्रकाशन थांबवले. बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरात फेटाळली. ब्रिटनमध्ये जे. के. रोलिंग यांनी २०२० मध्ये लिंगओळखीविषयी मांडलेल्या मतांवरून उठलेले वादळ पाच वर्षांनंतरही शमले नाही. तेथेही गंभीर प्रतिवाद आणि बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या एकाच प्रवाहात वाहत आल्या. धमक्यांकडे बोट दाखवून प्रतिवाद टाळता येतो आणि प्रतिवादाच्या आडून धमक्या खपवता येतात, ही या माध्यमाची दुहेरी सोय आहे.

हा जमाव तंत्रज्ञानाने जन्माला घातला, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. महाराष्ट्राचा इतिहासच त्याची साक्ष देतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. त्यावर उठलेल्या गहजबात जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली; पण ताराबाईंचे त्यानंतरचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा प्रौढ अविवाहित स्त्रियांच्या मनातील घुसमट वाचून पांढरपेशा समाज खवळला. मजकुराची चर्चा मागे पडली आणि ‘ही विभावरी शिरूरकर कोण’ याचाच शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकर यांनी टोपणनाव घेतले होते ते हौस म्हणून नव्हे. स्त्रीने लिहिले की उत्तर तिच्या लेखनाला न देता तिच्या चारित्र्याला द्यायचे, ही रीत समाजमाध्यमांहून पुष्कळ जुनी आहे.

म्हणूनच लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न ‘सर्वांवर सारखीच टीका होते’ असे म्हणून मिटत नाही. प्रतिष्ठित, खपाऊ आणि सत्तेच्या जवळच्या विचारांच्या लेखकावर झालेली टीका त्याचा वाचकवर्ग वाढवूही शकते. तीच लाट एकट्या, अल्पसंख्य किंवा नवख्या लेखिकेवर आदळली तर लेखणी कायमची थांबू शकते. त्याच वेळी, ‘कवलु’ स्त्रियांवर अन्याय करते असे वाटणाऱ्यांनी तिच्या अस्तित्वालाच हरकत घेतली, तर ‘हार्ट लँप’च्या बाजूने उभे राहण्याचा त्यांचा नैतिक अधिकारही क्षीण होतो. आणि भैरप्पांच्या मतस्वातंत्र्यासाठी २०१९ मध्ये गळा काढणाऱ्यांना २०२५ मधील याचिकेचे समर्थन करता येत नाही. तत्त्वाची कसोटी नावडत्या लेखकावरच लागते.

राजकीय पक्षांना ही कसोटी नको असते, कारण लेखक हा त्यांच्या दृष्टीने निवडणुकीच्या प्रचारातील एक चिन्ह असतो. दसऱ्याच्या उद्घाटकाची निवड दोन्ही सरकारांनी आपापल्या विचारधारेची ग्वाही म्हणूनच केली, हे उघड आहे. तरीही सार्वजनिक जीवनात काही संकेत अजून शिल्लक आहेत. भैरप्पा निवर्तले तेव्हा कर्नाटकात त्यांच्या विचारांशी कधीच न जुळलेले काँग्रेसचे सरकार होते. त्या सरकारने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. मरणोत्तर दाखवलेले हे औदार्य जिवंत लेखकाच्या वाट्याला आले, तर न्यायालयांचे काम पुष्कळ हलके होईल.

भैरप्पांचे घर ज्या वसाहतीत होते तिला कवी कुवेंपूंचे नाव आहे, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. शंबूकवधाच्या कथेची नवी मांडणी करणारे ‘शूद्र तपस्वी’ हे नाटक कुवेंपूंनी १९४० च्या दशकात लिहिले, तेव्हा मास्ती वेंकटेश अय्यंगार यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. पुराणकथा अशी फिरवण्याचा अधिकार लेखकाला आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. कुवेंपूंनी आपली बाजू लेखणीनेच मांडली. दोघांचे एकमत झाले नाही. पुढे दोघांनाही ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि कन्नड वाचकाने दोघांनाही आपले मानले. कुवेंपुनगरातून निघून चामुंडीच्या पायथ्याशी पोहोचणाऱ्या रस्त्यावर दरवर्षी दसऱ्याची गर्दी लोटते. त्या गर्दीला ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ असे दोन लेखक हवेत की वाद घालता येईल असे दोन लेखक हवेत, याचे उत्तर पुढच्या उद्घाटकाच्या नावाची घोषणा होईल तेव्हा पुन्हा द्यावे लागणार आहे.