पावाच्या बाजू पांढऱ्या का?

खाण्याची आवड असलेल्या माणसाला रस्ते वासावरून लक्षात राहतात. आमच्या शाळेच्या वाटेवर एक जुनी बेकरी आहे. सकाळी तिच्या भट्टीतून लादीपावाच्या लाद्या बाहेर निघू लागल्या की पुढच्या चौकापर्यंत वास येतो, आणि घरून पोहे खाऊन निघालो असलो तरी माझी सायकल तिथे थांबतेच.

अशाच एका दिवशी मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलीने डब्यातला पाव पुढे केला. "सर, हा वरून तांबूस आहे, खालूनही आहे. मग बाजू पांढऱ्या कशा? सगळा पाव भट्टीतच होता ना?"

मी पटकन उत्तर दिले, "बाजूंपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही." तिने मान हलवली आणि ती गेली. संध्याकाळी चहात पाव बुडवताना मात्र माझे उत्तर मलाच पटेना. उष्णता पोहोचली नसती तर तो भाग कच्चा, चिकट राहिला असता. पाव तर आतपर्यंत व्यवस्थित भाजलेला होता. चुकीचे उत्तर देऊन मी मोकळा झालो होतो, आणि मुलीने ते खरे मानले होते.

नीट समजून घ्यायचे तर पाव स्वतः करून पाहावा, असे ठरवले. घरात गव्हाचे पीठ होते. यीस्ट लवकर 'जागे' व्हावे म्हणून ते चांगल्या कढत पाण्यात घातले. दोन तास वाट पाहिली, मग गोळा भट्टीत ठेवला. बाहेर आली ती वीट. घरातल्यांनी ती सौजन्याने खाल्ली. एकाच खटपटीत मी दोन चुका केल्या होत्या, आणि पावाचे बरेचसे विज्ञान त्या दोन चुकांतच आहे.

पहिली चूक पाण्याची. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिची पेशी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार करते. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचे काम जोरात चालते, थंडीत मंदावते आणि ५५ ते ६० अंशांच्या पुढे ती मरते. मी तिला जागे करण्याऐवजी मारले होते.

हे वर्गात सहज दाखवता येते. तीन सारख्या बाटल्यांत प्रत्येकी एक चमचा साखर आणि एक चमचा यीस्ट घ्या. एकीत बर्फाचे गार पाणी, दुसरीत कोमट आणि तिसरीत हात न लावता येण्याइतके गरम पाणी घाला. तिन्हींच्या तोंडाला फुगे बांधा. तासाभरात फरक दिसतो. गार पाण्याची बाटली नंतर कोमट पाण्यात उभी करा. तिचा फुगाही फुगू लागतो. गरम पाण्याची बाटली थंड झाल्यावरही तशीच राहते. झोपलेले आणि मेलेले यांतला फरक मुलांना यातून जितका कळतो तितका फळ्यावर लिहून कळत नाही.

वरच्या वर्गांना गणितही देता येईल. ५ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर किती वायू निघेल? साखरेच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू मिळतात. उत्तर सुमारे दीड लिटर येते. फुगा तेवढा का फुगत नाही, यावर मुलांना वाद घालू द्यावा. काही वायू पाण्यात विरघळतो, आणि तासाभरात सगळी साखर संपतही नाही.

दुसरी चूक पिठाची. वायू तयार होणे पुरेसे नाही, तो कोंडून ठेवणारे काही तरी लागते. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळले की त्यांचे जाळे बनते. तेच ग्लुटेन. एक प्रथिन ताणले जाते, दुसरे मागे खेचते. त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. १०० ग्रॅम मैद्याचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग पाण्याखाली हलक्या हाताने धूत राहा. पांढरे पाणी निघत राहते. त्यात आयोडिनचा थेंब टाकला की निळा रंग येतो, म्हणजे तो स्टार्च. हातात शेवटी पंचवीस-तीस ग्रॅमचा रबरासारखा चिवट गोळा उरतो. बोलोन्याच्या बेक्कारीने हाच उद्योग अठराव्या शतकात केला होता. त्याचे वर्णन १७४५ साली छापले गेले. ज्वारीच्या पिठाचा गोळा असाच धुवायला घ्या. हातात काहीच उरत नाही. म्हणूनच भाकरीच्या पिठात आपण गरम पाणी घालतो. तिथे प्रथिनांचे जाळे नसते, उकडलेल्या स्टार्चच्या चिकटपणावर काम भागवावे लागते. हे आपल्या आज्यांना ग्लुटेन हा शब्द न ऐकताही ठाऊक होते.

मग चक्कीच्या गव्हाच्या पिठाचा पाव का फुगला नाही? ग्लुटेन त्यातही असते. पण कोंड्याचे टोकदार कण त्या पातळ पडद्यांना भोके पाडतात. शिवाय जात्याच्या दगडांत स्टार्चचे कण अधिक चिरडले जातात आणि जास्त पाणी शोषतात. पोळीला हा गुण हवाच असतो, पोळी मऊ राहते. पावाला तोच दोष ठरतो. गव्हाच्या पिठाचा पाव होतच नाही असे नव्हे. पीठ सैल भिजवावे लागते आणि मैद्याच्या पावाइतका तो फुलेल अशी आशा सोडावी लागते. गोव्यातली कोंडा लावलेली पोय खाल्लेल्या माणसाला तशी आशा न केल्याचे दुःखही होत नाही.

मळण्याबाबत एक गोष्ट मला फार उशिरा कळली. यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. मळताना पिठात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, आणि यीस्टचा वायू त्यांच्यातच शिरून त्यांना मोठे करतो. पावाच्या कापलेल्या तुकड्यात जी छिद्रे दिसतात, त्यांची सुरुवात मळणाऱ्याच्या हातात झालेली असते.

आपल्याकडे हा प्रकार पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला. पाव हा शब्दही त्यांचाच. तयार यीस्ट मिळत नसे तेव्हा गोव्याचे पोदेर माडाच्या सुरीने पीठ आंबवत, कारण ताज्या सुरीत यीस्ट आपोआप वाढलेले असते. घाटावर मात्र पाव म्हणजे बाटलेले अन्न समजले जाई. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने निघालेल्या परमहंस मंडळीत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे, आणि तेही गुप्तपणे. आज कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाचे जाड तुकडे येतात आणि नाशकात लादीपाव येतो. त्यावरून होणारे भांडण फक्त चवीचे असते.

आता भट्टीकडे येऊ. गोळा आत जातो तेव्हा बुडबुड्यांतला वायू तापून प्रसरण पावतो, अल्कोहोल आणि पाणी यांची वाफ होते. पहिल्या काही मिनिटांत पाव झपाट्याने वर येतो. ६० अंशांच्या पुढे स्टार्च पाणी शोषून फुगतो, मग प्रथिने घट्ट होतात आणि बुडबुड्यांच्या भिंती कायमच्या उभ्या राहतात. यानंतर भट्टी २२० अंशांवर असली तरी पावाच्या आतले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. जोवर तिथे पाणी आहे तोवर येणारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावात स्पिरिटची तापमापी खुपसून पाहा, ९५ ते ९८ अंश दिसतील. पाऱ्याची तापमापी अन्नात घालू नये, आणि तपासलेला पाव खाऊ नये.

तांबूस रंग आणि तो वास येतो तो प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले आणि साखर यांच्या अभिक्रियेतून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती मायार अभिक्रिया. ती वेगाने होण्यासाठी साधारण १४० अंश लागतात. म्हणजे आधी तो भाग कोरडा व्हायला हवा. पावाचा वरचा भाग गरम हवेत उघडा असतो, खालचा तापलेल्या पत्र्यावर टेकलेला असतो. दोन्हींकडचे पाणी उडून जाते आणि तापमान चढते. लादीतले गोळे मात्र थोड्या अंतरावर ठेवलेले असतात, फुगून ते एकमेकांना चिकटतात. चिकटलेल्या बाजूंतून वाफ बाहेर पडायला वाटच नसते. त्या बाजू शंभर अंशांच्या आत अडकतात. शिजतात पूर्ण, पण रंगत नाहीत. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर उष्णतेत नव्हते, पाण्यात होते. ब्रून पाव सुटा भाजतात, म्हणून तो चहूबाजूंनी कडक आणि तांबूस असतो.

शिळ्या पावाबद्दलही असाच गैरसमज असतो. तो वाळून कडक होतो असे आपण धरून चालतो. फ्रान्सच्या बुसँगोने १८५२ साली दाखवले की हवाबंद ठेवलेला पावही शिळा होतो, आणि पुन्हा तापवला की मऊ होतो. फुगलेले स्टार्चचे रेणू हळूहळू परत एकमेकांशी रचले जातात, हे त्याचे कारण. ही रचना फ्रिजच्या थंडीत सर्वांत लवकर होते. पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. टिकवायचाच असेल तर बर्फाच्या कप्प्यात गोठवावा. कालचा पाव तव्यावर लोणी लावून परतणारा हॉटेलवाला नकळत बुसँगोचाच प्रयोग करत असतो.

बेकरीच्या पावाचे सगळेच काही इतके निर्दोष नाही. ग्लुटेनचे जाळे बळकट व्हावे म्हणून पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालत. भाजताना त्याचे निरुपद्रवी ब्रोमाइड व्हावे अशी अपेक्षा असते, पण प्रमाण जास्त झाले किंवा भाजणे कमी पडले तर ब्रोमेट उरते, आणि त्याने कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले. त्यांपैकी ३२ नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट यांचे अंश सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रोमेटवर देशात बंदी आली. हेच काम क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लही करते. ब्रेडच्या वेष्टनावर ते लिहिलेले मुलांना शोधायला लावावे. लादीपावाला मात्र वेष्टनच नसते. तिथे बेकरीवाल्यालाच विचारावे लागते.

दुसरा प्रश्न धुराचा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. लाकडाशिवाय पावाची चव जाईल, अशी बेकरीवाल्यांची आणि आम्हा खाणाऱ्यांचीही तक्रार. मला वाटते, पावाला लागते ती तापलेल्या विटांची सारखी, साठवलेली उष्णता. विटा कशाने तापवल्या हे पावाला फारसे कळत नाही. खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. भट्टी बदलणे लहान बेकरीला सोपे नाही. आणि स्वस्त म्हणून मोडक्या फर्निचरचे रंग दिलेले लाकूड जाळले तर त्याचा धूर सर्वांत आधी भट्टीपुढे उभ्या कारागिराच्या छातीत जातो, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलीला वर्गात बोलावून माझे उत्तर चुकले होते हे सांगितले. प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर तवा ठेवला आणि लादीतून सोडवलेल्या पावाची पांढरी बाजू त्यावर टेकवली. आधी वाफ निघाली. वाफ कमी झाल्यावर कडेने रंग चढू लागला. "पाणी संपलं," ती म्हणाली, आणि पाव उलटून तिने दुसरी बाजू तव्यावर ठेवली.