डोंगरावर ना कारखाना, ना ट्रॅफिक. मग रात्रीही ओझोन का टिकतो? वाऱ्याचं गणित समजून घ्या

सातारा : कुणाला दम्याचा त्रास असला की 'चार दिवस पाचगणी-महाबळेश्वरला हवापालट करून या' असा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. धूळ आणि धुराचा विचार केला तर तो बरोबरच आहे. पण ओझोन या वायूचं तसं नाही. तो डोळ्यांना दिसत नाही आणि डोंगरावर त्याचं वागणं गावाकडच्यापेक्षा वेगळं असतं.

ओझोन चांगला की वाईट?

आकाशात खूप उंचावर असलेला ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून आपलं रक्षण करतो. तोच वायू आपण श्वास घेतो त्या हवेत वाढला, की घसा खवखवतो, खोकला येतो, दमा बळावतो. तो कुठल्या धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्यांचा धूर, वणवा, पाचट जाळणं यांतून निघणाऱ्या वायूंवर कडक ऊन पडलं, की हवेतच तो तयार होतो. देशातील मानकानुसार आठ तासांची सरासरी एक घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये.

खाली रात्री उतरतो, वर टिकतो

सपाटीवर दुपारी ओझोन वाढतो आणि रात्री बराच खाली येतो. ऊन नसल्यानं नवा तयार होत नाही. असलेला ओझोन गाड्यांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइडमुळे नष्ट होतो, शिवाय माती आणि झाडांच्या पानांवरही जिरतो. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो. त्यामुळे वरची हवा खाली येत नाही आणि ही घट भरून निघत नाही.

डोंगरावर मात्र वारा खेळ बदलतो. दिवसा उतार तापतात, हवा हलकी होऊन दरीतून वर चढते. शाळेच्या भूगोलात यालाच 'दरीय वारे' म्हटलंय. हे वारे खालच्या शहरांचा, रस्त्यांचा धूर सोबत आणतात आणि वाटेत उन्हात त्याचा ओझोन होत जातो.

रात्री उलटं घडतं. उतार गार पडतात, थंड जड हवा दरीत घसरते. हे 'पर्वतीय वारे'. माथ्यावरून हवा खाली गेली की तिच्या जागी आणखी उंचावरची हवा उतरते. त्या हवेत आधीच्या दिवसांचा, कधी दूरवरून आलेला ओझोन असतो. तो जमिनीला किंवा गाड्यांच्या ताज्या धुराला लागलेला नसल्यानं टिकून राहतो. म्हणून माथ्यावर रात्री ओझोन फारसा उतरत नाही.

हवाई बेटावरील मौना लोआ या सुमारे ३,४०० मीटर उंचीच्या वेधशाळेत हे स्पष्ट दिसतं. तिथं दिवसा समुद्रावरची कमी ओझोनची हवा वर चढते, तर रात्री उंचावरची जास्त ओझोनची हवा उतरते. राजस्थानातील माउंट अबूवरही अहमदाबादसारखी दुपारची मोठी वाढ दिसत नाही. थोडक्यात, खाली समुद्र आहे की शहर, यावर वर काय पोचणार हे ठरतं.

आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रावरून स्वच्छ वारे येतात आणि ढगांमुळे ऊनही कमी असतं, तेव्हा ओझोन कमी राहतो. थंडी सरल्यावर, पाऊस येईपर्यंतच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत जपायला हवं. वणवे लागण्याचे दिवसही हेच.

पिकांचं काय?

घेवडा, सोयाबीन, गहू, बटाटा ही पिकं ओझोनला संवेदनशील आहेत. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात बारीक तांबूस किंवा पांढुरके ठिपके पडतात. पान लवकर पिवळं पडतं, उत्पादन घटतं. असेच ठिपके रोगामुळे किंवा अन्नद्रव्यांच्या कमतरतेमुळेही येतात. त्यामुळे लगेच फवारणी करण्याआधी पान कृषी सहायकांना दाखवावं.

काय काळजी घ्याल?

- दमा असलेल्यांनी कडक उन्हाच्या दुपारी चढण चढणं, कष्टाची कामं टाळावीत.
- डोंगरावर आलो म्हणून इनहेलर बंद करू नये. औषधात बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.
- साध्या किंवा एन-९५ मास्कनं धूळ अडते, ओझोन वायू अडत नाही.
- 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो. पण खालच्या शहरातील केंद्राचा आकडा डोंगरावरच्या गावाला तसाच लागू होत नाही.
- पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून शेतातच कुजवावं. वणवा दिसला तर लगेच वन विभागाला कळवावं.

दरीत पेटवलेल्या पाचटाचा धूर दरीतच राहत नाही. दुपारचा वारा त्याला माथ्यावरच्या गावापर्यंत नेतो आणि तिथं पोचेपर्यंत त्यातला काही भाग ओझोन झालेला असतो.