सामायिक निधी : पैसा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

मंडळी, विषय कळल्यावर एक-दोघांनी विचारलं, सर, अफगाणिस्तानातल्या दवाखान्यांचं आणि आपल्या घोटावड्याचं नातं काय? नातं वर्गणीचं आहे. गावच्या जत्रेला वर्गणी दिली की ‘माझ्या पाचशेतून फक्त मांडवच घाला’ असं कुणी म्हणत नाही. सगळा पैसा एकत्र पडतो, मग आधी काय करायचं ते ठरतं. दात्यांचा सामायिक निधी म्हणजे हेच. फक्त इथे वर्गणी देणारे देश असतात आणि जत्रा हजारो मैलांवर असते.

संघर्षाच्या भागात याची गरज का पडते? एक दाता क्षयरोगासाठी देतो, दुसरा लसीकरणासाठी, तिसरा बाळंतपणासाठी. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, तपासनीस वेगळा. आरोग्यकेंद्रात नर्स मात्र एकच. तिनं रोगी बघायचे की तीन वह्या भरायच्या? म्हणून पैसा एका व्यवस्थापकाकडे द्यायचा. एकच आराखडा, एकच लेखापरीक्षण.

आपल्याकडेही हे झालंय. 2005 मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रमाचा दुसरा टप्पा सुरू झाला. जागतिक बँक, ब्रिटन आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी आपला पैसा केंद्र सरकारच्या पैशात मिसळला. तो राज्यांकडे आणि तिथून जिल्ह्यांकडे गेला. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात पोचलेल्या रुपयावर लंडनचा शिक्का नव्हता. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला 10,000 रुपये ‘अबंधित निधी’ मिळू लागला. (सरकारी मराठीत क्वचित इतका सुंदर शब्द सापडतो!) खातं एएनएम आणि सरपंच यांच्या संयुक्त नावाचं. रक्कम किरकोळ, पण पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो तेव्हा मुंबईच्या मंजुरीची वाट बघून कसं चालेल? निर्णय रोग्याच्या जवळ असणं हे आम्हाला रकमेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे भांडं सरकारच्या हातात होतं आणि सरकार जागेवर होतं. सरकारच कोसळलं तर?

अफगाणिस्तानात 2002 पासून जागतिक बँकेच्या देखरेखीखाली अनेक देशांचा पुनर्बांधणी निधी होता. 2018 मध्ये त्यातून ‘सेहतमंदी’ प्रकल्प सुरू झाला. 34 पैकी 31 प्रांतांत दोन हजारांहून जास्त आरोग्यकेंद्रं सरकारशी करार केलेल्या स्वयंसेवी संस्था चालवत. कामाच्या मोजमापावर पैसे मिळत. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान सत्तेवर आले आणि निधीचा नळ बंद झाला. वेगवेगळे दाते असते तर एखादा थांबला असता, एखादा राहिला असता. इथे नळच एक होता. पगार थांबले, औषधं संपत आली. रोगी तेच, नर्स तीच; बदललं होतं ते काबूलमधलं मंत्रालय.

त्या शरद ऋतूत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं ग्लोबल फंडाच्या पैशातून वीस हजारांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांना परस्पर पगार दिले. डिसेंबरमध्ये त्या गोठलेल्या निधीतूनच 28 कोटी डॉलर काढले: 10 कोटी युनिसेफला, 18 कोटी जागतिक अन्न कार्यक्रमाला. म्हणजे मंत्रालयाला वळसा घालून पैसा देता येत होता. वाट सापडायला मात्र महिने गेले.

दात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपला पैसा बंदूकवाल्यांच्या तिजोरीत जाऊ नये, असं त्यांना वाटणारच. पण वर्गणी मिसळल्यावर ‘माझा पैसा’ असं काही उरतं का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमचं उत्तर असं की हक्क मिसळून जातो, जबाबदारी मिसळत नाही. एकत्र येऊन दवाखाना उघडणाऱ्यांपैकी प्रत्येकावर तो अचानक बंद न पडण्याची जबाबदारी राहते.

मग करारात काय लिहायचं? सरकार बदललं तर पैसा कुणामार्फत जाईल, हे पहिल्याच दिवशी लिहावं. काही महिन्यांचे पगार आणि औषधं बाजूला काढून ठेवावीत. त्या रकमेला राजकीय निर्णयाचा हात लागू नये. आणि निधी थांबवायची बैठक भरेल तेव्हा दवाखाने चालवणाऱ्यांना तिथे खुर्ची असावी. सेहतमंदीच्या वेळी ती बैठक काबूलपासून फार लांब झाली.