चार चाकं पाण्यावर!

रात्री बोटीत झोपायचं, सकाळी उठून आपल्याच गाडीचं स्टिअरिंग हातात घ्यायचं आणि समोर अख्खं टास्मानिया! मेलबर्नला भाऊ, बहीण, मैत्रीण कोणीही राहत असेल, तर ही ट्रिप एकदा तरी करायलाच हवी. फक्त निघण्याआधी डिकी नीट तपासा!

आपल्याकडे गाडी बोटीत चढवायची म्हणजे काय, तर दाभोळच्या जेट्टीवर रांग लावायची, फेरीबोट आली की गाडी आत घालायची, खाली उतरून चार फोटो काढायचे आणि धोपावे आलंसुद्धा! 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हा तर आपण जाम खूश झालो. तासाभरात गाडीसकट अलिबागच्या वाटेला, और क्या चाहिए?

आता हीच गंमत रात्रभराची आहे असं समजा. संध्याकाळी गाडी बोटीच्या पोटात, तुम्ही वरच्या मजल्यावर कॉफी पीत बसलेले, आणि डोळे उघडतात ते थेट दुसऱ्या राज्यात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून टास्मानियाला जाणारी ‘स्पिरिट ऑफ टास्मानिया’ म्हणजे नेमकं हेच. व्हिक्टोरिया राज्यातल्या जिलाँग बंदरातून निघायचं, नऊ ते अकरा तासांत डेव्हनपोर्टला उतरायचं. आपल्या प्रत्येक ग्रुपमधला एक तरी जण ऑनसाइट म्हणून मेलबर्नला जातो आणि तिथलाच होऊन जातो. त्यामुळे गाडीची चिंता नको. चिंता करायची ती दुसऱ्याच गोष्टींची!

समुद्र म्हणजे हायवेच!

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाचं एकमेव बेट-राज्य. क्षेत्रफळ साधारण 68 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहूनही कमी. लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येच याच्या कितीतरी पट माणसं राहतात! मधे बासची सामुद्रधुनी. पूल नाही, बोगदा नाही. गाडी न्यायची तर बोट हाच रस्ता.

म्हणूनच 1996 पासून ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार या बोटीने जाणाऱ्या गाडीच्या भाड्यात सवलत देतं. त्यामागचा विचार भारी आहे. बाकीच्या राज्यांना जोडणारे हायवे आहेत, टास्मानियाला नाही. मग समुद्रालाच हायवे समजा आणि तिथल्या लोकांना समुद्राचा भुर्दंड पडू देऊ नका! पर्यटकाच्या गाडीलाही याचा फायदा होतो आणि सवलत तिकिटातच वळती होऊन येते.

बोटींची कथाही इंटरेस्टिंग आहे. 2002 मध्ये या मार्गावर आलेल्या ‘स्पिरिट’ एक आणि दोन या जुळ्या बोटी 1998 साली फिनलंडमध्ये बांधल्या गेल्या, त्या ग्रीस-इटलीदरम्यान धावण्यासाठी. वीस वर्षं त्या मेलबर्नच्या स्टेशन पिअरवरून सुटायच्या. ऑक्टोबर 2022 मध्ये मुक्काम जिलाँगला हलला. मग टास्मानियाने फिनलंडमध्येच दोन नव्या, आणखी मोठ्या बोटी बांधायला दिल्या. पण गंमत पाहा, बोट तयार झाली आणि डेव्हनपोर्टचा तिच्यासाठीचा नवा धक्काच तयार नव्हता! यावरून 2024 मध्ये एवढं राजकारण तापलं की राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. अर्धवट उड्डाणपुलांखालून रोज ऑफिसला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून जरा बरंच वाटतं, नाही का?

विमान की बोट?

आता मुद्द्याचं बोलू. मेलबर्नहून लॉन्सेस्टनला विमान तासाभरात पोचतं. मग अख्खी रात्र बोटीत का घालवायची?

उत्तर तुमच्या सुट्टीच्या लांबीत आहे. तीन-चार दिवसांचा लाँग वीकएण्ड असेल, दोघंच जाणार असाल, तर सरळ विमानाने जा आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. बोटीच्या हौसेपायी उगाच दोन रात्री खर्ची पडतील. पण आठ-दहा दिवस हाताशी असतील, गाडीत चार-पाच जण असतील, तर हिशोब बदलायला लागतो. भाड्याच्या गाडीचं मीटर रोज पडतं; आपल्या गाडीचं बोटीचं तिकीट जाऊन-येऊन एकदाच. शिवाय रात्रीच्या बोटीत एक हॉटेलही वाचतं.

पैशांपलीकडचं गणित वेगळंच. घरात तान्हं बाळ असेल तर कार-सीट, स्ट्रोलर, डायपरचा डोंगर हे सगळं डिकीत जातं. तंबू, स्लीपिंग बॅग, सायकली घेऊन जाणाऱ्यांना वीस किलोच्या बॅगेत काय काय कोंबणार? कुत्र्यालाही नेता येतं. त्याची सोय बोटीवरच्या वेगळ्या पिंजऱ्यांत होते. आणि भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील, तर त्यांची उशी, औषधांचा डबा आणि बाबांची फोल्डिंगची खुर्चीसुद्धा! गाडी नेणं म्हणजे अर्धं घर नेणं.

पण याच ‘अर्ध्या घरा’वर बेटाचा आक्षेप आहे.

आधी कढीपत्ता उतरवा

बोटीत चढण्याआधी गाडीची तपासणी होते. अधिकारी डिकी उघडायला लावतात, आइसबॉक्स बघतात. डेव्हनपोर्टला हुंगणारे प्रशिक्षित कुत्रेही असतात. ते बॉम्ब शोधत नाहीत हो, फळं शोधतात! ताजी फळं, ताज्या भाज्या, रोपं, बिया यांपैकी काहीही टास्मानियात न्यायला परवानगी नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर कढीपत्ता, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं, प्रवासात तोंडात टाकायला घेतलेली संत्री, सगळं अलीकडेच ठेवायचं. घरून आणलेली केळी रांगेत उभ्या उभ्या संपवा, नाहीतर तिथल्या डब्यात टाका.

नसता जाच वाटतो खरा. पण या बेटाचं वेगळेपणच समुद्राने राखलंय. सफरचंद आणि चेरीच्या बागांवर इथल्या कितीतरी कुटुंबांचं पोट आहे, आणि फळमाशीपासून मुक्त असल्यामुळेच ही फळं परदेशच्या चोखंदळ बाजारांत जातात. जानेवारी 2018 मध्ये उत्तर टास्मानियात आणि जवळच्या फ्लिंडर्स बेटावर फळमाशीच्या अळ्या सापडल्या, तेव्हा केवढी धावपळ उडाली! नियंत्रण क्षेत्रं आखली गेली, तिथून फळं बाहेर न्यायलाही बंदी आली. ‘फळमाशीमुक्त’ हा दर्जा परत मिळायला जानेवारी 2019 उजाडला. आता सांगा, तुमच्या डिकीतलं एक किडकं फळ एवढ्या मोलाचं आहे का?

बुटांना आणि तंबूला लागलेल्या मातीचंही तेच. मातीतून झाडांचे रोग पसरतात, म्हणून कॅम्पिंगचं आणि मासेमारीचं सामान घरीच धुऊन, वाळवून न्यायचं.

मग खायचं काय? अहो, आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. दशम्या, धपाटे, चिवडा, लाडू, कोरड्या चटण्या! शिजवलेल्या आणि पाकीटबंद पदार्थांना साधारणपणे अडचण येत नाही. शंका असेल ते लपवू नका, आधीच दाखवा. कोथिंबीर काय, डेव्हनपोर्टच्या सुपरमार्केटमध्येही मिळते.

बोट लागते बरं का!

गाडी आत लावली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये किंवा ‘पार्क’मध्ये ठेवा, अलार्म बंद करा. लाटांनी गाडी हलली की अलार्म कोकलत बसतो आणि बॅटरी संपते. मुख्य म्हणजे वर जाताना लागेल ते सगळं बरोबर घ्या; प्रवासात गाड्यांचा डेक बंद असतो. “अरे, चार्जर गाडीतच राहिला” याला मध्यरात्री काही इलाज नाही.

वर रेस्टॉरंट, बार, मुलांना खेळायला जागा, सगळं आहे. झोपायला केबिन किंवा रिक्लायनर खुर्ची. खुर्ची स्वस्त पडते, पण दुसऱ्या दिवशी गाडी चालवणाऱ्याने तरी केबिनच घ्यावी. सकाळी सहाच्या सुमारास उतरून घाटवळणांवर डुलक्या काढायच्या नसतील, तर हा खर्च फालतू नाही.

आता खास टिप. जिलाँगहून निघाल्यावर सुरुवातीचा बराच वेळ बोट पोर्ट फिलिप या उपसागरातून जाते. पाणी तळ्यासारखं शांत. सगळे म्हणतात, “हॅ, काहीच हलत नाही!” आणि ताट भरून जेवतात. मग ‘हेड्स’ येतात. उपसागराचं हे चिंचोळं तोंड ओलांडलं की खरा समुद्र सुरू! बासची सामुद्रधुनी उथळ, सरासरी खोली साठेक मीटर. 40 अंश दक्षिण अक्षवृत्त इथूनच जातं, आणि त्या पट्ट्यात पश्चिमेचे वारे अडवायला जमीन फारशी नाही. जोराचा वारा आणि उथळ पाणी, त्यामुळे लाटा उंच आणि अंगावर येणाऱ्या. 1998 च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत याच भागातल्या वादळाने सहा खलाशांचा बळी घेतला. फेब्रुवारी 2005 मध्ये तर मेलबर्नहून निघालेली ‘स्पिरिट’च वादळामुळे अर्ध्या वाटेतून परत फिरली होती.

घाबरू नका, बऱ्याच रात्री नुसता पाळणा हलतो. पण गोळी उलटी व्हायला लागल्यावर नाही, निघण्याआधी घ्यायची. जेवण हलकं आणि हेड्सच्या आधी. आणि केबिनमध्ये आडवं व्हायचं.

सकाळी सहा, डेव्हनपोर्ट

इथे आपल्या गाडीची मजा कळते. काउंटर नाही, करार नाही, किल्ल्या नाहीत. रॅम्पवरून उतरलात की ट्रिप सुरू! क्रेडल माउंटन साधारण सव्वा तासावर, लॉन्सेस्टन तासा-सव्वा तासावर. होबार्टला तीन-सव्वातीन तास लागतात. तिथे शनिवारचा सालामांका बाजार, 2011 मध्ये उघडलेलं ‘मोना’ हे भन्नाट म्युझियम आणि 1271 मीटर उंचीच्या कुनान्यी, म्हणजेच माउंट वेलिंग्टनच्या थेट माथ्यापर्यंत जाणारा रस्ता. पूर्वेला फ्रेसिनेटचा वाइनग्लास बे, पश्चिमेला स्ट्राहन. आणि बोटीची हौस फिटली नसेल, तर केटरिंगहून ब्रूनी बेटाला जाणारी वीसेक मिनिटांची फेरी. तीही गाडीसकट!

नॅशनल पार्कचा हॉलिडे पास गाडीवर मिळतो. एका गाडीतल्या आठ जणांपर्यंत, दोन महिने चालतो. मात्र क्रेडल माउंटनला गेलात की गाडी खाली ठेवून शटल बस पकडायची. डव्ह लेकपर्यंत दिवसा खासगी गाड्या सोडत नाहीत. एवढी समुद्र ओलांडून आणलेली गाडी, आणि ऐन ठिकाणी तीच बाहेर! पण तळ्याकाठी हॉर्नचा आवाज नसतो, तेव्हा हा नियम का केलाय ते पटतं.

सूर्य मावळला की ब्रेक

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. टास्मानियातले बहुतेक प्राणी निशाचर. संध्याकाळ झाली की वॉलबी, वॉम्बॅट, पॉसम रस्त्याकडेच्या गवतात चरायला येतात आणि हेडलाइटच्या झोतात जागच्या जागी थिजतात. सकाळी रस्त्यावर जे पडलेलं दिसतं, ते बघवत नाही.

टास्मानियन डेव्हिलचं दुखणं याहून मोठं. हा मेलेल्या जनावरांवर जगणारा प्राणी. गाडीखाली सापडलेली वॉलबी खायला रस्त्यावर येतो आणि मागून येणाऱ्या गाडीखाली स्वतः सापडतो. 1996 पासून चेहऱ्यावरच्या संसर्गजन्य गाठींच्या रोगाने त्यांची संख्या आधीच कोसळलीय. जंगलातले डेव्हिल आज फक्त याच बेटावर उरलेत. म्हणजे इथे मेलेला प्रत्येक डेव्हिल हा त्या अख्ख्या जातीच्या हिशोबातला असतो.

भाड्याच्या गाड्यांच्या बऱ्याच करारांत रात्रीच्या आणि कच्च्या रस्त्यांवरच्या ड्रायव्हिंगबद्दल अटी असतात. आपल्या गाडीला अडवणारं कोणी नाही. म्हणूनच प्लॅन करताना सूर्यास्ताआधी मुक्काम गाठायचा, हा नियम स्वतःच घालून घ्या. उशीर झालाच तर वेग उतरवा. प्राण्यांच्या पाट्या असलेल्या पट्ट्यात संध्याकाळ ते पहाट ताशी 65 च्या खालीच. आणि धडक बसलीच तर पळून जाऊ नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि पिशवीतलं पिल्लू जिवंत आहे का बघा. आई गेली तरी पिल्लू अनेकदा वाचतं. होबार्टजवळच्या ‘बोनोराँग’ अभयारण्याची प्राणी-बचाव सेवा चोवीस तास फोनवर असते. तो नंबर बेटावर उतरण्याआधीच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

समुद्र ओलांडून गाडी नेणं ही चैन आहेच. पण या बेटाचं म्हणणं एवढंच, की अर्धं घर आणा. कीड, माती आणि घाई तेवढी पलीकडे ठेवून या!

निघण्याआधी...

* डिसेंबर-जानेवारीत गाड्यांची जागा माणसांच्या आधी भरते. काही महिने आधी बुक करा. गर्दीच्या हंगामात दिवसाच्या फेऱ्याही असतात.
* बुकिंग करताना गाडीची लांबी-उंची खरी सांगा. टपावरचा बॉक्स आणि मागचा सायकल-रॅकही मोजतात.
* कॅम्पिंगचा गॅस सिलिंडर किंवा पेट्रोलचा कॅन असेल, तर चेक-इनलाच सांगा.
* मित्राची गाडी चालवणार असाल, तर त्याच्या इन्शुरन्समध्ये तुम्ही बसता का, ते विचारा.
* मेलबर्न ते जिलाँग साधारण 75 किलोमीटर. शुक्रवारच्या ट्रॅफिकचा अंदाज घेऊन निघा. बोट कोणासाठी थांबत नाही!