साठीपूर्वींची यादी

आपल्या घरांतून साठाव्या वाढदिवसाला इतर वाढदिवसांहून निराळा मान आहे. त्या दिवशीं शांति होते, गणगोत जमतें, नातवंडें ओवाळतात. आणि या सर्व थाटामागें कालगणनेचा एक सुबक हिशेब उभा आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरें साठ. ज्या नांवाच्या संवत्सरांत मनुष्य जन्माला येतो, तें नांव पुन्हा पंचांगाच्या पहिल्या पानावर येण्यास साठ वर्षें लागतात. स्थूलमानानें या अवधींत गुरूचे राशिचक्रांतून पांच फेरे होतात व शनीचे दोन; म्हणजे दोघेहि जन्मकाळच्या जागेजवळ परत येतात. आमचा जन्म शके १८८७ मधला, विश्वावसु संवत्सरांतला. शके १९४७ च्या गुढीपाडव्यास घरीं पंचांगाचें वाचन चाललें असतां तेंच नांव कानीं पडलें, आणि चक्राचा एक वेढा पुरा होत आला हें मनांत भरलें.

यापुढील टप्पा सहस्रचंद्रदर्शनाचा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारें साडेएकोणतीस दिवस धरले, तर हजार पूर्ण चंद्र पाहावयास ऐंशी वर्षें व दहा महिने लागतात. तेथवर कोण पोहोंचेल हें कोणी सांगावें! म्हणून हातपाय धड असतांना, साठीच्या अलीकडे, काय करावयाचें राहिलें आहे याची यादी करण्याची चाल हल्लीं पडूं लागली आहे. परदेशीं असलेलीं मुलें सुट्टींत घरीं येतात तीं 'बकेट लिस्ट' हा शब्द बरोबर घेऊनच. २००७ सालच्या एका इंग्रजी चित्रपटानें हा शब्द जगभर केला. २०१८ सालीं त्याच नांवाचा मराठी चित्रपटहि निघाला व त्यांत माधुरी दीक्षित यांनीं एका गृहिणीचें काम केलें. त्या गृहिणीला एका तरुण मुलीचें हृदय बसविलेलें असतें, आणि त्या मुलीच्या राहून गेलेल्या इच्छा पुऱ्या करावयास ती निघते. वाचकभगिनींनीं या कथेंतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: आपल्या घरांतील गृहिणीला यादी घेऊन बाहेर पडावयाचें झालें, तर ती दुसऱ्या कोणाची असावी लागते!

शब्द परका असला तरी कल्पना परकी नाहीं. कोणतेंहि कर्म आरंभण्यापूर्वीं देश व काल उच्चारून पाणी सोडावयाचें आणि काय करणार तें स्पष्ट म्हणावयाचें, हा आपला संकल्प. व्रत घेतलें कीं त्याचें उद्यापन केव्हां, हेंहि आधींच ठरतें. ज्याला उद्यापन नाहीं तें व्रत गळ्यांत पडतें, हें आपल्या आज्या पक्कें जाणून होत्या. साठीपूर्वींच्या यादीला हाच नियम लावला पाहिजे.

नागपूरकरांना याचें उदाहरण शोधावयास दूर जाणें नको. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा जन्म १८९३ चा. भारतांतील प्राचीन लेखांची जी थोर इंग्रजी ग्रंथमाला आहे, तिचा कलचुरि-चेदि लेखांचा खंड त्यांनीं सिद्ध केला. तो १९५५ सालीं निघाला, म्हणजे साठी उलटून गेल्यावर. वाकाटकांच्या लेखांचा खंड आला १९६३ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं. आणि शिलाहारांचा १९७७ सालीं, चौऱ्याऐंशींत. झिजलेल्या ताम्रपटांवरील एकेक अक्षर ताडून पाहावयाचें, राजांची वंशावळ लावावयाची, गांवांचीं जुनीं नांवें आजच्या नकाशावर बसवावयाचीं, हें काम उतावीळ मनुष्याचें नव्हे. अशा कामांत साठीची तिथि ही मधली धर्मशाळा समजावी. तेथें रात्रभर टेकावें व सकाळीं पुढें निघावें. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं निघाला आणि शेवटचा १९६२ सालीं; तेव्हां ते ब्याऐंशी वर्षांचे होते.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांची हकीकत तर यादीच्या दृष्टीनें फारच बोलकी आहे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. सत्तावनाव्या वर्षीं, १९१५ सालीं, त्यांनीं 'आत्मवृत्त' प्रसिद्ध केलें. सामान्य मनुष्य अशा वेळीं पेन्शनीचा हिशेब करीत बसला असता. त्याच सुमारास जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयींची एक पुस्तिका त्यांच्या मनांत घोळत होती. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनीं महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें विद्यापीठ सुरू झालें. साठीला तेव्हां दोन वर्षें होतीं. पुढें वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, १९२९ सालीं, ते जगाच्या प्रवासास निघाले. युरोप व अमेरिका पाहून जपानांत पोहोंचले आणि ज्याच्या माहितीवरून हें सारें सुचलें तें विद्यापीठ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

परंतु या हकीकतीला दुसरी बाजू आहे, आणि तीच आमच्या लेखाचा खरा विषय आहे. अण्णासाहेबांचें 'आत्मवृत्त' ज्यांनीं वाचलें असेल त्यांनीं आनंदीबाई कर्वे यांचें 'माझें पुराण' हें १९४४ सालीं निघालेलें पुस्तकहि अवश्य वाचावें. पतीची मिळकत व आयुष्य संस्थेच्या कामीं लागत असतां मुलाबाळांचा संसार कसा चालला, हें त्यांत बाया कर्व्यांनीं आपल्या रोखठोक भाषेंत सांगितलें आहे. एका पुस्तकांत संकल्प आहेत, दुसऱ्यांत त्यांचा खर्च आहे. दोन्ही एका घरचींच. एकत्र कुटुंबांत यादी एकाची असते व खर्च साऱ्या घराचा होतो. हा खर्च कोठें मांडला जातो काय, असा आमचा प्रश्न आहे.

आमच्या घरचें उदाहरण यासाठींच सांगतों. घर नागपुरांत, धंतोलीवर. माणसें तीन पिढ्यांचीं, मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. आम्हीं साठीपूर्वीं करावयाच्या गोष्टींचीं अकरा कलमें लिहिलीं. पांच पाहण्याचीं: सीताबर्डीचा किल्ला, अजब बंगला, रामटेक, नगरधन व मनसर. दोन शिकण्याचीं: मोडी वाचणें आणि पोहणें. तीन कर्तव्याचीं: तीर्थरूपांच्या वह्यांची स्वच्छ प्रत करणें, विदर्भांतील दूरच्या गांवीं एकट्या राहणाऱ्या वृद्ध मावशीकडे आठ दिवस जाऊन राहणें, आणि मृत्युपत्र करणें. अकरावें केदारनाथचें.

पाहण्याच्या यादींतील पांचहि ठिकाणें घराजवळचीं आहेत, याचें वाचकांना हसूं येईल. परंतु जवळचें तेंच राहतें. १८१७ च्या नोव्हेंबरांत भोसल्यांच्या व इंग्रजांच्या फौजांची लढाई ज्या टेकड्यांवर झाली, तेथील किल्ला आम्ही रोज खालून पाहत आलों. तो लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें वर्षांतील मोजक्या राष्ट्रीय दिवशींच लोकांना उघडा असतो, आणि त्या दिवशीं हटकून कांहीं तरी निघे. अजब बंगला म्हणजे १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय; तेथें लहानपणीं शाळेबरोबर गेलों होतों त्यानंतर पाऊल नाहीं. रामटेक सुमारें पन्नास किलोमीटरांवर. मेघदूतांतील रामगिरि हाच, असें मिराशींनीं सप्रमाण प्रतिपादिलें. गडावर यादवकालीन लेख आहे व कालिदासाचें स्मारकहि आहे. पण मोटारीनें वरपर्यंत जातां येऊं लागल्यापासून पायऱ्यांनीं चढणें राहूनच गेलें. नगरधन म्हणजे वाकाटकांचें नंदिवर्धन. रामटेकाला जाणारा मनुष्य तेथें सहसा वळत नाहीं.

यादी दिवाणखान्यांतील पंचांगाशेजारीं लटकविली. एकेक कलम होत गेलें व त्यावर खूण पडत गेली. चार महिने झाल्यावर आमच्या सूनबाईंनीं कोणास न विचारतां त्या कागदावर दुसरा एक रकाना आंखला आणि त्याला मथळा दिला, "घरीं कोण राहिलें?" रामटेकच्या दिवशीं पहाटे चारला उठून डबा कोणीं केला, मावशीकडच्या आठ दिवसांत मातोश्रींच्या औषधाच्या वेळा कोणीं सांभाळल्या, पोहण्याच्या शिकवणीच्या वेळीं सकाळचा चहा व मुलांचे डबे कोणाकडे होते, हें सारें तिनें सरळ अक्षरांत भरलें. रकाना उभा वाचला असतां त्यांत वरपासून खालपर्यंत एकच नांव होतें, आमच्या सौभाग्यवतींचें.

मातोश्रींनीं तो कागद चष्मा लावून वाचला. मग त्यांनीं सुनेला हांक मारून विचारलें, "अगं, तुझी यादी कोठें आहे?"

"माझी कसली यादी, सासूबाई!" असें उत्तर आलें. हें उत्तर महाराष्ट्रांत किती घरांतून किती वेळां दिलें गेलें असेल! शांतीचा मुहूर्त यजमानाच्या वयावर धरतात. पत्नी शेजारीं बसते आणि हाताला हात लावते. तिचीं साठ वर्षें केव्हां भरलीं याची नोंद पुष्कळ घरांत नसते. आमच्या सौभाग्यवतींना अठ्ठावन्नावें चालू होतें, हें त्या दिवशीं घरांतल्या धाकट्यांना नव्यानेंच समजलें.

चौथ्या दिवशीं कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर दोन ओळी आढळल्या. पहिली: "बी. ए. पुरें करणें." दुसरी: "पावसाळ्यांत आठ दिवस कोठेंहि राहावें, पण स्वयंपाकाचें कोणीं विचारूं नये." लग्न ठरलें तेव्हां त्यांचें पदवीचें शेवटचें वर्ष राहिलें होतें, पुढें सासरे आजारी पडले, मग मुलें झालीं, आणि तो विषय कोणीं काढला नाहीं. दुसरी ओळ वाचून घरांतील पुरुषमंडळी हसली. बायका हसल्या नाहींत.

पार्वतीबाई आठवले यांची आठवण येथें साहजिकच होते. या आनंदीबाई कर्व्यांच्या धाकट्या बहीण. लहान वयांत वैधव्य आलें. शिकून त्या बहिणीच्या यजमानांच्या संस्थेचें काम करूं लागल्या. इंग्रजी यावें ही इच्छा मनांत होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ सालीं, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें घरकामाची चाकरी करून राहिल्या, भाषा शिकल्या व संस्थेसाठीं पैसाहि मिळविला. 'माझी कहाणी' या पुस्तकांत त्यांनीं तें लिहून ठेविलें आहे. त्यांना कोणीं वय विचारून थांबविलें असतें, तर आपण एका उत्तम पुस्तकास मुकलों असतों.

आमच्या घरीं मग व्यवस्था बदलावी लागली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठांत, जें १९८९ सालीं अशाच राहून गेलेल्यांसाठीं स्थापन झालें, सौभाग्यवतींचें नांव घातलें. जुन्या वर्षांचा हिशेब न धरतां पहिल्यापासून आरंभ करण्याचें त्यांनींच ठरविलें. मंगळवार व शुक्रवार संध्याकाळचा स्वयंपाक पुरुषांकडे आला. पहिल्या महिन्यांत भाताची खीर व वरणाचें पाणी झालें; मातोश्रींनीं तें निमूटपणें जेवून "अभ्यास चालू दे" एवढेंच म्हटलें. पावसाळ्याचे आठ दिवस त्या आपल्या थोरल्या बहिणीकडे राहिल्या. त्या अवधींत घरून एकहि फोन करावयाचा नाहीं असा दंडक होता. तो दोनदां मोडला, दोन्ही वेळां हिंगाच्या डबीसाठीं.

आतां हिशेब. आमच्या अकरांपैकीं नऊ कलमें झालीं. केदारनाथचें खोडलें, गुडघ्यांविषयीं वैद्यांचें मत प्रतिकूल पडलें, आणि तेथें कां जावयाचें याचें उत्तर "शेजारचे जाऊन आले" यापलीकडे गेलें नाहीं. मोडीचें अर्धें आहे: छापील मजकूर लागतो, आजोबांच्या हातचा लागत नाहीं. तें साठीनंतर चालू राहील. मावशीकडचे आठ दिवस मात्र त्याच वर्षीं झाले हें बरें झालें. आज त्यांना माणसें ओळखूं येत नाहींत. त्या आठ दिवसांत त्यांनीं सांगितलेल्या कुळाचाराच्या व माहेरच्या गोष्टी एका वहींत आहेत, आणि ती वही आमच्या सर्व यादींत मोलाची ठरली आहे. साठी आमची भरत होती. पण त्या कलमाची मुदत मावशींच्या वयानें ठरविली होती.

यावरून वाचकांना चार सूचना कराव्याशा वाटतात. यादी करणाऱ्यानें ती दारामागें न लपवितां घरांत मोठ्यानें वाचावी. प्रत्येक कलमाशेजारीं "घरीं कोण राहिलें?" हा रकाना आंखावा व तो प्रामाणिकपणें भरावा. ज्या कलमांत कोणा वृद्धाचा संबंध असेल तें सर्वांत वर घ्यावें. किल्ले व डोंगर थांबतात. आणि घरांतील ज्या व्यक्ति "माझी कसली यादी" म्हणतात, त्यांच्यापाशीं कागद व पेन्सिल ठेवून चार दिवस वाट पाहावी. उत्तर लगेच मागूं नये.

सौभाग्यवतींनीं पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आहे. पदवी हातीं येईपर्यंत त्यांची साठी उलटून जाईल, हें त्यांना ठाऊक आहे व त्याचें त्यांना कांहींच वाटत नाहीं. दुसऱ्या वर्षाचीं पुस्तकें आलीं आहेत. मंगळवार-शुक्रवारचा भातहि आतां भातासारखा होऊं लागला आहे.